थंडीत कण्हणारं स्टिअरिंग

सी रऊफ त्रिकींच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्त झालं आणि दुसऱ्या आठवड्यापासून गाडी कण्हायला लागली. आधी कण्हत नव्हती. आधी नुसतं स्टिअरिंग वळत नव्हतं. पाइप फुटून सगळं तेल रस्त्यावर गेलं होतं, आणि सहासष्ट वर्षांच्या माणसाने ती चाकं मनगटाच्या जोरावर वळवणं म्हणजे बैलाला शिंगं धरून गोठ्यात नेण्यासारखं होतं. आता करंगळीने वळत होतं. पण रोज सकाळी सातच्या सुमाराला, गल्लीतून बाहेर पडताना चाकं पुरती उजवीकडे घेतली की बॉनेटखालून असा काही आवाज निघायचा, की समोरच्या घरातली दूरिया खिडकी उघडून म्हणायची, "सी रऊफ, ईदला अजून अवकाश आहे. मेंढा आत्ताच आणलात?"

उस्ता नाजीचं गॅरेज सफाकस शहरातून निघणाऱ्या ग्रेमदा रस्त्याला, किलोमीटर चारवर. नाजी साडेनऊला दार उघडायचा, आणि ते उघडलंय हे त्याला स्वतःला पटेपर्यंत साडेदहा व्हायचे. सी रऊफ पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

"कसा आवाज?" नाजीने विचारलं.

सी रऊफांनी इकडेतिकडे पाहिलं. एकतीस वर्षं वजन-माप खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या, नावाआधी मानाचं 'सी' लागणाऱ्या माणसाला चारचौघांत आवाज काढून दाखवायची सवय नसते. "एक प्रकारचा... जड."

"जड म्हणजे? ऊं असेल तर पंप. हूं असेल तर पाइपात हवा. कींऽ असेल तर पट्टा. लाजू नका, काढून दाखवा. परवा एका न्यायाधीशसाहेबांनी इथे सायलेन्सरचा आवाज काढून दाखवला."

सी रऊफांनी घसा साफ केला आणि दाखवला.

बाकावर दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाडीची वाट बघत होती. "ही उंटीण आहे," एक म्हणालं.

"उंटीण वरच्या पट्टीत असते," दुसरं म्हणालं. "हा माझा सासरा आहे. दुपारचा झोपून उठताना."

नाजीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सी रऊफांना स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगितलं. गाडी गप्प. इतकी गप्प, की सी रऊफांना तिचा राग आला. तरी नाजीने पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "हवा होती. गेली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरियाने खिडकी उघडली.

दुसऱ्या खेपेला त्याने पट्टा ताणला. तिसऱ्या खेपेला काहीच केलं नाही, नुसतं सी रऊफांकडे बघितलं. "घरी सगळं ठीक ना? झोप वगैरे?"

"आवाज गाडीतून येतो, नाजी."

"गाडीतूनच येतो हो. मी कुठे नाही म्हणतो?" हे तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात खात्यातले लोक पूर्वी तक्रारदाराला बसायला खुर्ची देत.

एक गोष्ट मात्र सी रऊफांनी नाजीला सांगितली नव्हती. गाडी अर्धा तास चालून तापली की आत वास यायचा. तेल तापल्याचा. तोही कसा, तर सल्हा मासे तळायला बसायची तेव्हा कढईतलं तेल तापून पहिला मासा सोडायच्या आधी जो एक क्षण असतो, नेमका त्या क्षणाचा. सल्हा म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती गेली. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा सी रऊफांनी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. मग काम नसताना बंदरापर्यंत जाऊन येऊ लागले. दर वेळी तेल तापायचं. मासा काही पडायचा नाही. सहासष्टाव्या वर्षी माणसाला नसलेले वास यायला लागले तर ते मेकॅनिकला सांगून उपयोग नाही, आणि डॉक्टरला सांगितलं तर तो बरं करील ही भीती.

गाडीत आणखी एक गोष्ट होती, ती तर कुणालाच माहीत नव्हती. डिकीत, स्टेपनीच्या मागे, सल्हाच्या जुन्या शालीत गुंडाळलेली पाण्याची एक बाटली. तिच्यात सल्हाचं शेवटचं तेल होतं. शहराबाहेर अगरेबकडे त्यांची सव्वीस ऑलिव्हची झाडं. त्या हंगामात सल्हाने स्वतः उभं राहून फळं उतरवली, आणि घाण्यावर आपल्या पाटीत दुसऱ्याचा एक दाणा मिसळू नये म्हणून पाळी येईपर्यंत पोत्यावर बसून राहिली. घाण्यावरचा माणूस बाईमाणसाला द्यायच्या मानाच्या हाकेने म्हणाला, "लल्ला, घरी जा, मी बघतो." ती म्हणाली, "तू बघतोस म्हणूनच बसलेय." मार्चमध्ये ती गेली, आणि घर सांभाळायला सी रऊफांची मोठी बहीण लल्ला मन्नूबिया आली. मन्नूबियाचा हात सढळ. तिच्या हाती तेल म्हणजे नळाला पाणी. एकेक बाटली रिकामी होत चालली, तेव्हा सी रऊफांनी शेवटची उचलली आणि ज्या एका जागी मन्नूबिया कधी हात घालणार नाही तिथे ठेवली. त्यानंतर झाडांची फळं त्यांनी उतरवलीच नाहीत. पाखरांनी खाल्ली.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते मशिदीमागे डिकी उघडायचे, शाल जराशी बाजूला करून बाटलीची मान बघायचे, मनात सलाम करायचे, डिकी बंद. बाटली उघडली मात्र कधी नाही. यंदाच्या थंडीत तर त्यांना एक गुप्त अभिमान वाटू लागला होता. सफाकसमध्ये हिवाळा आला की घरोघरी तेल गोठतं. मन्नूबिया सकाळी बाटली उन्हात ठेवायची. आणि डिकीतलं सल्हाचं तेल बघावं तर लख्ख हिरवं, पातळ, एक ढग नाही. 'तिची गोष्टच वेगळी होती,' सी रऊफ म्हणायचे. एकतीस वर्षं तेल मोजलेला माणूस, पण हे वेगळेपण कशामुळे, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

जानेवारीच्या मध्यावर नाजीच कंटाळला. "सी रऊफ, ही गाडी शाळेतल्या पोरासारखी आहे. डॉक्टरच्या दारात आली की बरी. आज इथेच ठेवून जा. उद्या सकाळी साडेसहाला या, मीही येतो."

"तू? साडेसहाला?"

"लग्नानंतर पहिल्यांदाच. बायको विचारत होती कोण आहे ती."

सकाळी तोंडातून वाफ निघत होती. नाजी लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढून उभा होता. सी रऊफांनी इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, आणि गाडीने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.

नाजीचा चेहरा उजळला. "आहे. माफ करा, सी रऊफ. हा खरोखरच सासरा आहे."

त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि पंपावरच्या तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण फिरवलं. आत बघितलं. मग झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा बघितलं. टाकीत स्टिअरिंगचं पातळ हिरवं तेल नव्हतंच. थिजलेल्या तुपासारखा पिवळट पांढरा गोळा होता. नाजीने त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला; तो उभा राहिला.

"स्टिअरिंगचं तेल गोठलेलं मी आजवर पाहिलं नाही," तो सावकाश म्हणाला. "या गावात डिसेंबरात गोठतं असं तेल एकच." त्याने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. पेट्रोलच्या वाफांनी नाजीचं नाक तीस वर्षांपूर्वीच गेलं होतं, पण सफाकसच्या माणसाची जीभ तो मेल्यावर मगच मरते. "आपलं शेमलाली. ऑलिव्हचं."

सी रऊफांनी डिकीकडे पाहिलं.

"दुरुस्तीच्या दिवशी तेल डिकीत आहे, असं तुम्ही म्हणालात," नाजी म्हणाला. "आणि चहाला गेलात."

"म्हणालो होतो." गिऱ्हाइकाने तेल आणि सुटे भाग स्वतः आणायचे, उस्ताने फक्त बसवायचे, ही तर रीतच होती. सी रऊफांनी बाजारातून सुटं तेल आणलं होतं, दुकानदाराने पिंपातून पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं. एकेकाळी याच निरीक्षकाने त्याला कमी मापाबद्दल दंड केलेला, त्यामुळे बिचाऱ्याने भीतीपोटी बाटली काठोकाठ भरली होती.

"मी जॅक काढायला स्टेपनी हलवली. मागे शालीत गुंडाळलेली बाटली. आत हिरवं. मी म्हटलं, खात्यातला माणूस वेगळाच, स्टिअरिंगचं तेलसुद्धा तान्ह्या बाळासारखं आणतो."

"दुसरी होती ना. उजव्या कोपऱ्यात. न गुंडाळलेली."

"ती नंतर दिसली. लोळत होती. गाडीत काही लोळलेलं मला खपत नाही, आवाज होतो. तिलाच शालीत गुंडाळून स्टेपनीमागे खोचली."

सी रऊफ डिकीपाशी गेले. शाल काढली. बाटली उजेडात धरली: लख्ख हिरवी, पातळ, एक ढग नाही. बूच उघडून नाकाशी नेली. मशीनचा वास आला. गेले पाच शुक्रवार ते स्टिअरिंगच्या तेलाला सलाम करत होते.

मागून नाजी म्हणाला, "पण एक सांगू? तेल खवट झालंय. चांगलं होतं मुळात, घशाला धरतंय अजून. पण कुणीतरी पत्र्याखाली, उन्हात ठेवलंय ते. एक नाही, दोन उन्हाळे. असं करतं का कुणी?"

'तेल अंधारात ठेवा, थंड जागी ठेवा, वर्षाच्या आत संपवा.' हा फलक खात्याने प्रत्येक घाण्यावर लावला होता. मजकूर सी रऊफांचा.

"माझ्या बायकोचं होतं," ते म्हणाले. "शेवटच्या हंगामाचं."

नाजीने टोपी काढली. मग टायरवर बसला. "अल्ला तिच्यावर दया करो," तो म्हणाला. टोपी मांडीवर ठेवली. मग त्याने विचारलं, "तेल काढू ना? की..."

"नाही काढलं तर?"

"रबराची सीलं फुगतील. महिना, दीड महिना. मग एक दिवस भर चौकात स्टिअरिंग घट्ट बसेल, आणि तुम्ही थेट तिच्याकडे."

या सूचनेचा जितका विचार करावा त्यापेक्षा थोडा जास्तच विचार सी रऊफांनी केला. "काढ," ते म्हणाले.

"असं निघायचं नाही, थिजलंय. अर्धा तास फिरवून गरम करून आणा."

सी रऊफ निघाले. गाडी सहाव्या किलोमीटरपर्यंत कण्हत होती, सातव्याला कण्हणं थांबलं. दहाव्या किलोमीटरला त्यांनी एका भिंतीकडेला गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि काचा वर केल्या. वास आला. कुठल्याशा सांध्यातून थेंब थेंब गळून तापलेल्या धुराच्या नळीवर पडत असणार, हे आता त्यांना कळत होतं. कळल्याने काही फरक पडला नाही. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण काय? सल्हा कढईपाशी असताना दोघं बोलत नसत. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचे, तेल तापायचं, आणि मासा सोडायच्या आधी ती आतून म्हणायची, "हात धुऊन घ्या." चौतीस वर्षं. रोज हात धुतलेले असायचे आणि रोज ती म्हणायची, आणि रोज त्यांना त्याचा किंचित राग यायचा.

ते स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. पेट्रोलचा काटा उतरत होता. एक बाई गाढवगाडी घेऊन जवळून गेली आणि बंद काचांच्या, चालू इंजिनाच्या गाडीत डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याकडे तिने वळून पाहिलं. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला.

"मला वाटलं चौकात अडकलात," नाजी म्हणाला. त्याने परतीचा पाइप सोडवला. तेल पत्र्याच्या पसरट टोपात आलं ते काळं होऊन. सी रऊफांनी बघितलं आणि मान वळवली. नाजीने सांधा बदलला, डिकीतलं खरं तेल भरलं. गाडी गप्प झाली, वासही गेला.

"एक आहे," नाजी हात पुसत म्हणाला. "तुमची बाटली सगळी लागली नव्हती. तिसरा हिस्सा उरला. उरलेलं मी ठेवतो, तुम्हाला माहीतच आहे."

ठेवतो म्हणजे मागच्या अंधाऱ्या भिंतीला लावलेल्या फळीवर. तिथे चौदा पाण्याच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती.

"नाजी, यांच्यावर नावं का नाहीत?"

"मला माहीत असतं ना कशात काय आहे."

सी रऊफांनी एकदा गाडीकडे पाहिलं, नाजीनेही. मग शोधायची गरजच पडली नाही. तेरा बाटल्या पातळ होत्या. चौदावी तळाशी थिजून पांढरी झाली होती.

घरी लल्ला मन्नूबिया ओट्यापाशी मिरच्या निवडत होती. सी रऊफांनी बाटली टेबलावर ठेवली. तिने ती बघितली, मिरच्या खाली ठेवल्या, हात फडक्याला पुसले आणि बसली.

"कुठे होती?"

"गाडीत."

"दोन वर्षं?"

"हो."

"सात भरल्या होत्या तिने. मला सांगितलेलं, दवाखान्यात असताना. सहाच निघाल्या." मन्नूबिया बाटली फिरवून बघत राहिली. "मला वाटलं त्या औषधवाल्या विधवेला दिलीस."

"कुठल्या विधवेला?"

"तिलाच रे. बाब जब्ली वेशीपाशी दुकान आहे ती. चांगली आहे दिसायला. मी म्हटलं, दिली असेल, आपण कशाला बोला."

"लल्ला, मी तिच्याकडे फक्त रक्तदाब मोजायला जातो."

"मग? कसा असतो तिच्याकडे?"

 तिने बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी केली. तेल पिवळं होऊन खाली बसेपर्यंत दोघं बघत होती. मग तिने बशीत दोन चमचे ओतलं, पावाचा तुकडा मोडला आणि बुडवून तोंडात घातला. मन्नूबियाने जन्मात खवट तेल खपवून घेतलं नव्हतं. एकदा तर कुणाच्या लग्नात ताटावरून उठून तिने यजमानाला ते नाकाशी धरून हुंगायला लावलं होतं. आता ती चावत राहिली. गिळलं. खोकला आला तो पाण्याने दाबला.

"खवट आहे," सी रऊफ म्हणाले. "माझ्यामुळे झालंय."

"गप."

"नाजीसुद्धा म्हणाला."

"नाजीला काय कळतं, त्याला नाक आहे का?" तिने दुसरा तुकडा मोडला. "तीस वर्षं तिला म्हणत आले, सल्हा, तुझं तेल घशाला लागतं. दर हंगामाला पहिली वाटी माझ्याकडे घेऊन यायची. पुढ्यात उभी राहायची. मी आपली म्हणायचे, लागतं घशाला. चांगलं तेल घशाला लागतंच, हे तिलाही माहीत, मलाही माहीत." ती बशीकडे बघत होती. "एकदा म्हटलं असतं चांगलंय, तर काय झालं असतं? म्हटलं, पुढच्या वर्षी म्हणू."

सी रऊफांनी खुर्ची ओढली. पावाचा तुकडा घेतला, बुडवला. जिभेवर आधी जुन्या अक्रोडाची चव आली, मग पत्र्याची. आणि सगळ्यात शेवटी, घशाच्या तळाशी, अगदी एका टाचणीएवढं कडू काहीतरी टोचलं. त्यांनी डोळे मिटून ते धरून ठेवलं. ते गेलं. त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

"चांगलं आहे," मन्नूबिया मोठ्याने म्हणाली. सी रऊफांकडे बघून नव्हे, ओट्याकडे बघून.

इतकं खवट तेल सफाकसमध्ये कुणी दिव्यातसुद्धा घातलं नसतं. दोघांनी ते तीन दिवस पुरवलं. नेहमीच्या सढळ हाताची मन्नूबिया चमच्याने मोजून वाढायची आणि बशी पावाने पुसून घ्यायची. चौथ्या दिवशी सकाळी तिने बाटली एका कपाच्या तोंडावर उलटी उभी केली, आणि आतल्या भिंतीवरून एक थेंब सावकाश खाली यायला निघाला, त्याच्याकडे बघत बहीण-भाऊ टेबलाशी बसून राहिले.